न पडणाऱ्या भिंतीचं प्रकरण

जगात हुशार माणसं पुष्कळ आहेत. धाडसी माणसंही आहेत. देखणी माणसं तर पैशाला पासरी मिळतात. पण हे तिन्ही गुण एकाच कोटात मावलेले पाहायचे असतील, तर वाचकांना माझ्याकडेच यावं लागेल. कोट जरा ढगळ आहे, हे मान्य. तो मुळात माझा नाही.

खुलासा करतो. बसगाड्यांच्या मुख्य कचेरीत 'हरवले-सापडले' नावाची एक खिडकी होती आणि त्या खिडकीच्या आत मी उभं आयुष्य बसून काढलं. लोक यायचे, "माझी छत्री!" म्हणून टाहो फोडायचे, आणि मी नुसता चेहरा बघून सांगायचो की ही छत्री तुमची नाही. लोक भांडायचे. कधी कधी छत्रीच्या दांड्यावर त्यांचं नावसुद्धा निघायचं. पण मी माझ्या निष्कर्षावरून एक इंच हललो नाही. यालाच तर्कशक्ती म्हणतात. निवृत्तीच्या दिवशी, ज्या वस्तूंना वाली उरला नव्हता त्या सगळ्या मला साहेबांनी भेट दिल्या. कोट, हॅट, भिंग आणि वाकड्या मुठीची काठी. तेव्हापासून माझ्या अंगावरची प्रत्येक वस्तू कोणीतरी विसरलेली आहे. कवळी तेवढी माझी स्वतःची, याची नोंद घ्यावी.

खासगी गुप्तहेर म्हणून मी दुकान थाटलं, पण गावात गुन्हेगारच राहिले नाहीत. माझ्या निवृत्तीची बातमी फुटली असणार. मग वेळ जावा म्हणून मी दर दुपारी भाचीच्या कचेरीत जाऊन बसू लागलो. भाची, म्हणजे माझ्या ताईची मुलगी, काँप्युटरवर खेळायचे गेम बनवते. कचेरी म्हणजे एका लाँड्रीच्या माळ्यावरचा हॉल. खालून इस्त्रीची गरम वाफ वर येते आणि पावलांखालची फरशी सदैव कोमट असते. हॉलमध्ये दोन रांगा, एकमेकींकडे पाठ करून मांडलेल्या. प्रत्येक रांगेत चार पडदे आणि चार तरुण जीव. दिवसभर गेम खेळून बघायचा आणि संध्याकाळी पगार घ्यायचा! माझ्या वेळी याला नोकरी नव्हे, कानफटात मिळवण्याचं कारण म्हणत.

तर एका दुपारी भाचीने टेबलावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "मामा, भिंत पडत नाहीये रे."

मी ताडकन उठून भिंतीपासून दूर झालो. "कुठली?"

"कुठलीच नाही पडत."

आयुष्यात पुष्कळ तक्रारी ऐकल्या. भिंत पडली म्हणून रडणारी माणसं पाहिली. न पडल्याबद्दल उसासे टाकणारं माणूस प्रथमच पाहत होतो. मी भिंग काढलं, खिडकीखालची भिंत न्याहाळली आणि गंभीरपणे म्हणालो, "बांधकाम पक्कं आहे. संशयाला जागा आहे."

"गेममधली रे, मामा!"

मग तिने समजावून सांगितलं. गेममध्ये दोन टोळ्या. एक टोळी दगड आणून आपल्या गावाभोवती भिंत बांधते. दुसरी घण आणि ओंडके घेऊन ती फोडायला येते. तडा गेला की आतल्यांनी डागडुजी करायची. पडद्यावरचा सूर्य मावळेपर्यंत भिंत टिकली तर आतले जिंकले, पडली तर बाहेरचे. सगळी गंमत तोलात. डागडुजी फार सोपी केली तर भिंत अमर होते, फार अवघड केली तर भिंत कसली, नुसता पडदा! हा तोल सांभाळणं हेच भाचीचं काम.

"म्हणजे तू गवंडीण," मी म्हणालो.

"गवंडी आणि पाडणारे यांची भांडणं सोडवणारी. मागच्या महिन्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. कधी हे जिंकायचे, कधी ते. या महिन्यात काय झालं कळत नाही. एकदासुद्धा पडली नाही. शनिवारी बाहेरचे खेळाडू खेळून बघायला येणार आहेत. मालक म्हणतात, तोवर भिंत सरळ वागली नाही तर भिंतीच काढून टाकू. मोकळं मैदान ठेवू."

"मग ठेवा की. मैदानात वारा खेळतो."

भाचीने माझ्याकडे अशी नजर टाकली की कोटाचं वरचं बटण आपोआप लागलं. "मामा, सुट्टीत आम्ही सगळी भावंडं खेळायचो, तेव्हा मी किती वेळ टिकायचे?"

"तू? डाव मांडेपर्यंत बाद व्हायचीस."

"कारण माझे हात हळू चालतात. भिंत नसली की ज्याचे हात भराभर चालतात तोच जिंकतो, रोज, प्रत्येक वेळी. भिंत म्हणजे हळू माणसाला श्वास घ्यायला मिळालेली सवड. मी या गेममध्ये दुसरं काही केलंच नाहीये रे. भिंती गेल्या तर मीसुद्धा इथून जाईन."

तिचा आवाज भिजला होता. मी हॅट डोक्यावर चढवली. "प्रकरण मी हाती घेतलं आहे."

"नको ना, मामा."

कृतज्ञता व्यक्त करायची ही तिची पद्धत.

माझ्या तपासाचं मुख्य हत्यार भिंग नव्हे. ते लोकांना दाखवायला असतं. खरं हत्यार म्हणजे काखेतली कापडी पिशवी आणि तीत भरलेले खारे दाणे. खिडकीवरच्या अनुभवाचं सार सांगतो: ज्याच्या तोंडात शेंगदाणे आहेत तो माणूस खोटं बोलत नाही. तो बोलतच नाही. आणि गप्प बसलेल्या माणसाबद्दल आपल्याला हवा तो निष्कर्ष काढता येतो. मला स्वतःला कवळीमुळे दाणे चाववत नाहीत, तेव्हा माझं वाटप संपूर्ण निःस्वार्थी. या कचेरीत पाऊल ठेवल्या दिवसापासून मी पिशवी घेऊन दोन्ही रांगांतून फेऱ्या घालत आलो आहे. पोरंही गुणी. खेळ थांबवायची नाहीत, पण उजवा हात पुढे करून मूठभर घ्यायचीच. भिंतीवर मालकांची पाटी होती, 'खारट हात माउसला लावू नये'. मागे काही माउस मीठ खाऊन दगावले होते म्हणे. पोरं पाटीचा मान इतका राखायची की मला भरून यायचं. दाणे संपेपर्यंत आणि त्यानंतर हात पुसायला काही सापडेपर्यंत उजवा हात अधांतरी! शिस्त म्हणजे शिस्त.

पहिला प्रश्न, या महिन्यात कचेरीत नवं काय आलं? खुर्च्या त्याच, पडदे तेच, पोरं तीच. नवं माणूस एकच आलं होतं आणि ते तर तपास करत होतं. तेव्हा ही दिशा मी तिथल्या तिथे बंद केली.

संशय अर्थातच मुकीवर गेला. ही आतल्या टोळीतली. कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून बसायची आणि दिवसभरात एक शब्द बोलायची नाही म्हणून तिचं हे नाव. मी पाठीमागे उभा राहून तिचं निरीक्षण केलं. बाईसाहेबांचा उजवा हात माझ्या पिशवीत आणि डाव्या हाताचं एकच बोट कीबोर्डवरच्या एका कळीवर! बोट दाबलं की भिंतीचा तडा भरून येत होता. ना धावपळ, ना नेम, ना घाम. इतक्या आरामात कोणी प्रामाणिक काम करतं का?

"डागडुजी अशीच करतात?" मी विचारलं.

तिने एक हेडफोन वर उचलला. "हो. एकच कळ आहे." हेडफोन खाली. आणखी दाणे.

माझी खात्री पटली. मी भाचीला बाजूला घेतलं. "हिला पाडणाऱ्यांच्या रांगेत बसव. भिंत धाडकन कोसळेल."

भाचीने बसवलं. भिंत ढिम्म. उलट मुकी बाहेरच्या टोळीत जाऊनही तशीच आरामात दाणे खात बसली होती. तिचा सैनिक घण खांद्यावर टाकून भिंतीसमोर येरझारा घालत होता. मी निष्कर्ष काढला की मुकी निर्दोष आहे, पण आळशी आहे.

दुसऱ्या दिवशी मुकी आपल्या जुन्या जागी परतली आणि मी प्रकरणाच्या मुळाशी गेलो. अशा प्रकरणांच्या मुळाशी प्रेम असतं. बाहेरच्या टोळीत एक उंचाडा पोरगा होता, खुर्चीत बसला तरी उभा वाटणारा. तो भिंत फोडायचं सोडून मधूनच थांबायचा. उजवा तळवा वर करून मांडीवर ठेवायचा, जणू कुणी काही मागितलं तर द्यायला तयार. आणि हळूच वळून मुकीच्या पडद्याकडे बघायचा. आता सांगा, जिच्यावर जीव जडला तिची भिंत कोण फोडेल? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, लाजू नकोस. तिच्यावर मन बसलंय ना तुझं?"

"कुणावर, काका?"

"मुकीवर."

मुकीने स्वतः होऊन दोन्ही हेडफोन काढले. कचेरीत ही घटना प्रथमच घडत होती.

"काका, ती माझी बहीण आहे," उंचाडा म्हणाला. "सख्खी."

"आणि ह्याला मी सकाळी उठवायला गेले की हा उशी फेकून मारतो," मुकी म्हणाली. तिला बोलता येत होतं आणि पुष्कळ येत होतं. "माझी भिंत दिसली की ह्याच्या अंगात येतं. म्हणे प्रेम!"

पोरं खुर्च्यांवरून घरंगळायची बाकी राहिली. मी खिडकीपाशी जाऊन बराच वेळ हवामानाचा अभ्यास केला.

इकडे भाची रोज संध्याकाळी डागडुजीचा जोर कमी करत होती. "बाहेरच्यांचा मारा कमी झालाय, एवढं मला पडद्यावर दिसतंय," ती म्हणाली. "भिंत बघूनच बिचाऱ्यांचा धीर खचत असणार. म्हणून भिंत अजून कच्ची करतेय." भिंत कच्ची केली, आणखी कच्ची केली, तरी हॉलमध्ये ती पडेना. शेवटी मालक आले. मालक म्हणजे दाढी राखलेला तरुण. त्यांच्या भाषेत शब्द फार नसायचे.

"घरी बसून खेळून बघणाऱ्या लोकांना गेम पाठवला होता," ते म्हणाले. "त्यांचं म्हणणं आलंय. भिंतीला हात लावला की पडते. भिंत आहे की साबणाचा फेस, असं विचारतायत."

"पण इथे तर पडतच नाही!" भाची म्हणाली.

"इथे लोखंडाची, तिथे फेसाची. परवा शनिवार आहे." मालक दारापर्यंत गेले आणि वळले. "बघू."

हा 'बघू' ऐकून भाचीने ड्रॉवरमधला स्वतःचा पेला, कंगवा आणि कुंडीतलं लहानसं रोप टेबलावर काढून ठेवलं. घरी न्यायला. मला ते बघवेना. तपासात भावनेला थारा नसतो, पण गुप्तहेरालाही भाची असते.

आणि शुक्रवारी मला धागा गवसला. दुपारच्या खेळात एकच आरडाओरडा झाला. भिंत पडली होती! सगळीकडून नव्हे, फक्त डाव्या कोपऱ्यातून. त्या कोपऱ्यावर मारा करत होता दाढवाला. या पोराची आदल्या संध्याकाळी दाढ काढली होती. गाल टोमॅटोसारखा फुगलेला, तोंडात कापूस. एरवी सर्वांत मवाळ खेळणारा हा प्राणी आज एकटा घण घालत सुटला होता.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याला भिंत पाडता येते त्यालाच ती इतके दिवस उभी ठेवताही येत असणार! मी काठीची वाकडी मूठ त्याच्या कॉलरमध्ये अडकवली.

"सापडलास! बोल, भिंतीशी तुझं काय साटंलोटं आहे?"

"म्म्म," दाढवाला म्हणाला.

"कबुली!" मी गर्जलो. "सगळ्यांनी ऐकलं ना?"

"म्म्म म्म!"

"सविस्तर कबुली! आता शांतपणे चार दाणे खा आणि—" मी पिशवी पुढे केली. त्याने डोळे विस्फारले, गालावर हात ठेवला आणि पिशवी परत ढकलली. "पाहिलंत? चौकशीला नकार!"

"अरे, त्याच्या मानेतून ती काठी काढ आधी," दारातून आवाज आला.

दारात ताई उभी होती. माझी थोरली बहीण, भाचीची आई. हातात माझ्या चष्म्याचं घर होतं. "हे घरी विसरलास. जन्मभर दुसऱ्यांच्या विसरलेल्या वस्तू सांभाळल्यास, आणि स्वतःच्या कोण सांभाळणार? मी!"

"ताई, मी एका गुंतागुंतीच्या—"

"दिसतंय." ताईने हॉलवरून एक नजर फिरवली. पडद्यांकडे तिने पाहिलंच नाही, त्यातलं तिला काही कळत नाही. तिने पोरांकडे पाहिलं. ओळीने अधांतरी धरलेले उजवे हात. मुठीत दाणे, बोटांना मीठ. "काय गं, तो गेम खेळायला हात किती लागतात?"

"मारायला दोन," भाची म्हणाली. "डाव्या हाताने चालायचं, उजव्या हाताने माउस धरून नेम धरायचा."

"आणि भिंत दुरुस्त करायला?"

"एक कळ दाबायची फक्त. डाव्या हाता—" भाची मध्येच थांबली.

"तू तान्ही होतीस तेव्हा दिवसभर कडेवरून उतरायची नाहीस," ताई म्हणाली. "मी एका हाताने केर काढायचे, एका हाताने भांडी लावायचे. पण कपडे? कपडे पिळायला दोन हात लागतात. घर लख्ख असायचं आणि दोरीवरून कपडे ठिबकत असायचे. एक हात गुंतला की माणूस एका हाताने होणारं काम करतो. बाकीचं राहतं. ह्या सगळ्यांचा एक एक हात गुंतलाय. ह्याच्या पिशवीत."

मग उंचाडा स्वतःच्या तळव्याकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, मी एकटाच जरा थांबलोय. बाकीचे तिघं मारतायत."

"मलाही तेच वाटायचं," त्याच्या शेजारचा म्हणाला.

"म्म्म," दाढवाला म्हणाला, आणि या वेळी त्याचं म्हणणं सगळ्यांना कळलं. आख्ख्या हॉलमध्ये तो एकटाच दाणे खात नव्हता. मीही खात नव्हतो म्हणा, पण मला गेम खेळता येत नाही.

भाची एकदम उठली. तिने माझ्या काखेतून पिशवी काढून घेतली, कपाटात ठेवली आणि किल्ली ताईच्या हातात दिली. इतकी पोरं धावत हात धुवायला गेली की खालच्या लाँड्रीवाल्याने पाणी कुठे गेलं म्हणून हाक मारली. मग खेळ सुरू झाला, आणि इतके दिवस कच्ची करून ठेवलेली ती भिंत पडद्यावरचा सूर्य डोक्यावर यायच्या आत भुईसपाट झाली. भाचीने टाळी वाजवली! स्वतःची भिंत पडल्यावर आनंदाने टाळी वाजवणारी बाई मी तेव्हा पाहिली.

तिने भिंत पुन्हा मागच्या महिन्याइतकी पक्की केली. "पण आईचं म्हणणं गेममध्येसुद्धा खरं आहे," ती म्हणाली. "मारणाऱ्याचे दोन्ही हात गुंततात आणि दुरुस्ती करणारा एका बोटावर मजा मारतो. बरोबर नाही हे." म्हणून तिने एक लहानशी गोष्ट बदलली. यापुढे डागडुजी करणाऱ्याला हातातली ढाल खाली ठेवावी लागेल, एका हाताने दगड तोलून दुसऱ्याने बसवावा लागेल. हळू चाललं तरी चालेल, पण तेवढा वेळ तो उघड्यावर असेल. भिंत वाचवायची तर थोडी जोखीम घ्यायची.

शनिवारी बाहेरचे खेळाडू आले. त्यांत एक पोक्त बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवून कीबोर्डवरची कळ शोधत खेळणाऱ्या. चपळ पोरांनी त्यांच्या भिंतीला भगदाड पाडलं. बाईंनी ढाल खाली ठेवली आणि एक एक दगड बसवत राहिल्या, हळूहळू, जीभ दातांत धरून. पोरं पुन्हा फोडत होती, बाई पुन्हा बसवत होत्या. सूर्य टेकला तेव्हा भिंतीत चार दगड शिल्लक होते, पण उभे होते. बाई खुर्चीतून उठून ओरडल्या, "टिकले मी! टिकले!" पुढचा डाव पोरांनी जिंकला. त्याच्या पुढच्यासाठी तर दोन्ही बाजू खुर्च्यांवर उभ्या होत्या.

मालक शेवटपर्यंत दाराला टेकून बघत होते. भाचीने त्यांच्याकडे पाहिलं. ते आपली दाढी खाजवत राहिले. मग म्हणाले, "राहू देत भिंती."

भाचीने रोप उचलून खिडकीत ठेवलं आणि त्याला पाणी घातलं.

अशा रीतीने माझ्या देखरेखीखाली हे प्रकरण तडीस गेलं. गुन्हेगार कोण, हे उघड करणं आमच्या व्यवसायाच्या शिष्टाचारात बसत नाही. इतकंच सांगतो, की तो अत्यंत हुशार, धाडसी आणि देखणा होता, आणि म्हणूनच इतके दिवस कोणाच्या हाती लागला नाही. माउसच्या पाटीखाली आता दुसरी पाटी आली आहे, 'आत दाणे आणू नयेत'. ती कोणाला उद्देशून आहे हे मी शोधून काढतो आहे.

माझ्या कामगिरीचं मात्र चीज झालं. भाचीने गेममध्ये माझं जिवंत स्मारक उभारलं आहे. ढगळ कोट, हॅट, काखेत कापडी पिशवी असा एक म्हातारा रणांगणातून फिरतो. त्याला 'मामा' असंच नाव आहे. तो कोणाच्याच टोळीत नसतो. जी बाजू फार सहज जिंकत असेल नेमका तिच्याकडे जातो आणि "घ्या चार दाणे" म्हणतो. ज्याने हात पुढे केला त्याचा तो हात थोडा वेळ कामातून गेला. आतले असोत, बाहेरचे असोत, मामा येताना दिसला की भलेभले घण आणि ढाली टाकून पळत सुटतात.

अहो, उभं आयुष्य त्या खिडकीत काढलं. पण माझा असा दरारा कधी नव्हता.